पितृतिथि, टाक आणि वह्या : ग्रामीण घराण्यांच्या इतिहासाचीं कांहीं उपेक्षित साधनें

महाराष्ट्रांतील घराण्यांच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे संशोधकांच्या डोळ्यांपुढें प्रथम कागद येतात. महजर, करीने, सनदा, निवाडपत्रें, वांटणीपत्रें यांचे रुमाल हेंच आमचें धन, अशी आपली सर्वांची समजूत आहे. आणि ती अगदींच निराधार नाहीं. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून गांवोगांवच्या माळ्यांवरून व बळदांतून असे कागद बाहेर येऊं लागले, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यावर त्यांपैकीं पुष्कळांस कायमचें घर मिळालें. परंतु कागद ज्या घरांतून आले त्या घरांनीं आपलीं मेलेलीं माणसें कशीं ध्यानांत ठेविलीं होतीं, याची चौकशी कागद नेणाऱ्यांनीं फारशी केली नाहीं.

ग्रामीण घराण्याची स्मृति एके ठिकाणीं सांठविलेली नसते. देव्हाऱ्यांतील टाकाला रूप असतें, पण त्यावर नांव नसतें. श्राद्धांत नांव व तिथि असते, पण शक नसतो. वतनाच्या कागदांत शक असतो, परंतु ज्यांचा हक्काशीं संबंध नाहीं अशीं माणसें त्यांत नसतात. तीर्थोपाध्यायांच्या वहींत भाऊबंद सगळे असतात, पण यात्रा घडली त्या वेळेपुरतेच. यांपैकीं एकच वस्तु उचलून नेली म्हणजे मागें राहिलेल्या वस्तु मुक्या होतात, आणि नेलेली वस्तुहि बहुधा मुकीच होते. संग्राहकांनीं हें ध्यानांत घ्यावें म्हणून पुढील विवेचन केलें आहे.

प्रथम तिथीचा विचार करूं. एखाद्या शेतकरी कुटुंबांत पणजोबा कोणत्या सालीं वारले असें विचारल्यास, मोठा दुष्काळ पडला त्याच्या मागल्या वर्षीं किंवा थोरल्या काकाचें लग्न झालें त्या सालीं, अशा धर्तीचें उत्तर मिळतें. परंतु त्यांचा म्हाळ कोणत्या दिवशीं असतो असें विचारल्यास घरांतील म्हातारी क्षणभरहि न थांबतां 'सप्तमीला' म्हणून सांगते. शक, फसली, सुहूर, इसवी हीं सालें राज्याबरोबर बदलत गेलीं. तिथि मात्र स्वयंपाकघरानें सांभाळिली असल्यामुळें तिला राज्यक्रांतीचा धक्का लागला नाहीं.

या तिथीचा पुरावा म्हणून उपयोग करतांना दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. भाद्रपद वद्य पक्षांतील महालय हा मृताच्या तिथीस होतो खरा, पण त्यांत तिथीचा आंकडा तेवढा राहतो. मृत्यूचा मास व पक्ष राहत नाहीं. चैत्र शुद्ध सप्तमीस वारलेला आणि कार्तिक वद्य सप्तमीस वारलेला या दोघांचाहि म्हाळ भाद्रपद वद्य सप्तमीसच पडावयाचा. मास व पक्ष हवा असेल तर सांवत्सरिक श्राद्ध केव्हां असतें हें निराळें विचारलें पाहिजे. ज्या घरांनीं ओढगस्तीमुळें वर्षश्राद्ध सोडून म्हाळ तेवढा राखला, त्यांच्याकडून आंकड्यापलीकडे कांहीं मिळावयाचें नाहीं, आणि मिळालेंच तर तें संशयानेंच घ्यावें. दुसरी गोष्ट अशी कीं, काशी, प्रयाग, गया येथील नोंदींत उत्तरेचा पूर्णिमान्त मास येण्याचा संभव असतो; आपला माघ वद्य तो तिकडील फाल्गुन वद्य. येवढ्या एका फरकानें एकाच पुरुषाचे दोन मृत्युदिन ठरून वंशावळींत एका नांवाचीं दोन माणसें शिरूं शकतात.

उलट पक्षीं, महालयांतील विशिष्ट दिवस मरणाचा प्रकारहि सांगतात, आणि याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. शस्त्रानें मेलेल्यांचें श्राद्ध त्यांची मृत्युतिथि कोणतीहि असो, चतुर्दशीस करितात. सवाष्ण मेलेल्या स्त्रीचें नवमीस, म्हणून ती अविधवा नवमी. संन्याशाचें द्वादशीस. ज्यांची तिथिच ठाऊक नाहीं त्यांचें अमावास्येस, तीच सर्वपित्री. म्हणजे ज्या कुणबी घरांत कोणी शिपाईगिरी केल्याची आज आठवण नाहीं, पण ज्यांचा एक म्हाळ पिढ्यान्‌पिढ्या चतुर्दशीस होत आला आहे, तेथें लढाईंत पडलेल्या पुरुषाचा शोध घेण्यास कारण आहे. मात्र एवढ्यावरून लगेच पानिपत किंवा खर्डा गांठूं नये. पाण्यांत बुडून, सर्पदंशानें किंवा झाडावरून पडून मेलेल्यांचेंहि श्राद्ध कित्येक ठिकाणीं याच दिवशीं करण्याची रीत आहे. चतुर्दशी हा प्रश्न आहे. उत्तर कागदांत शोधावयाचें. अविधवा नवमीचा पुरावा तर आणखी नाजूक. पति जिवंत असेपर्यंतच तें श्राद्ध करावयाचें असा पुष्कळ घरांचा रिवाज असल्यामुळें नवऱ्याबरोबर त्या स्त्रीची स्वतंत्र तिथीहि संपते. आईच्या तिथीची विचारपूस बाप हयात असतांनाच करावी लागते, हें वंशावळ लिहूं इच्छिणाऱ्या तरुणांनीं विसरूं नये.

श्राद्धविधीची धांव तीन पिढ्यांपर्यंतच आहे. पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप, प्रपितामह आदित्यरूप. त्यापलीकडील पितर केवळ लेपाचे भागी. घरांत नवा मृत्यु झाला कीं सर्वांत वरचें नांव संकल्पांतून गळतें. त्यांत आजोबाचें नांव नातवास ठेवण्याची आपली चाल. एका घरांत दोन बापूजी व तीन मल्हारी आलटून पालटून येतात, आणि वंशावळकार त्यांतील एखाद्यास दुसऱ्याच्या पोटीं घालतो किंवा दोघांचा एक करितो. अशा जागीं निराळ्या तिथि आढळल्या तर माणसें निराळीं हें ठरविण्यास तेवढाच आधार पुरतो. स्त्रियांच्या बाबतींतहि हें साधन कागदाहून वरचढ आहे. वतनाच्या वंशावळींत माता, पितामही, प्रपितामही यांस जागा नाहीं. श्राद्धाच्या संकल्पांत त्यांचीं नांवें उच्चारावींच लागतात, आणि मातामहाच्या वर्गामुळें आजोळहि त्यांत येतें. अर्थात् हें नांव सासरचें. माहेरचें नांव लग्नांत पुसलें गेलें तें बहुधा कोठेंच सांपडत नाहीं.

तिथि व कागद यांचा मेळ बसला म्हणजे काय होतें याचें सर्वपरिचित उदाहरण तानाजी मालुसऱ्यांचें. भोर तालुक्यांतील कारी येथील जेधे देशमुखांच्या घरांतील शकावली लो. टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्धीस आणिली. तींत शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या नोंदी आहेत, आणि सिंहगड घेतांना तानाजी पडल्याची तिथि माघ वद्य ९, शके १५९१ अशी आहे. पोलादपूर तालुक्यांतील उमरठ येथें समाधि आहे. शव ज्या वाटेनें कोंकणांत उतरविलें म्हणतात तो केळदजवळील घाट मढेघाट या नांवानें ओळखला जातो. एका मरणाची आठवण कागदांत, दगडांत, घाटाच्या नांवांत व तिथींत अशी चार ठिकाणीं राहिली. परंतु आज माघ वद्य नवमीस पुण्यतिथि पाळतात यावरून शकावली खरी ठरते, असें मात्र कोणी म्हणूं नये. छापील पुस्तकावरून सुरू झालेली पुण्यतिथि त्याच पुस्तकाचा पुरावा होऊं शकत नाहीं. छपाईच्या पूर्वीपासून घरांत चालत आलेली तिथिच साक्षीस उभी करावी. तशी तिथि मिळाल्यास मोडक व खरे यांच्या जंत्र्या हाताशीं आहेतच.

आतां टाकांकडे वळूं. देशावरील मराठे, कुणबी, धनगर, माळी इत्यादिकांच्या देव्हाऱ्यांत खंडोबा, भवानी, जोतिबा यांच्या टाकांशेजारीं एक घोडेस्वार किंवा हातांत तरवार घेतलेला पुरुष चांदीच्या वा तांब्याच्या पत्र्यावर ठोकलेला आढळतो. तो घरचा वीर. कोठें मुंजा असतो, म्हणजे लग्नापूर्वीं मेलेला मुलगा, कोठें सवाष्ण. दुसरेपणाच्या बायकोनें पहिलीची प्रतिमा गळ्यांत घालावी, हीहि चाल ठिकठिकाणीं होती. नाशकाकडे होळीच्या दुसऱ्या दिवशीं हे वीर वस्त्रांत गुंडाळून वाजतगाजत गोदावरीवर स्नानास नेतात. जेजुरीस जाणारे यात्रेकरू घरचे टाक बरोबर घेऊन देवास भेटवितात.

या टाकांचें वय ठरविणें कठीण आहे, कारण झिजलेला टाक सोनाराकडे देऊन त्याच धातूचा नवा करून घेणें हें घरच्यांस पाप वाटत नाहीं, उलट कर्तव्य वाटतें. पुराणवस्तूंच्या संग्राहकाला जुना टाक हवा. घराला वीर हवा, पत्रा कोणत्या सालचा याची त्याला पर्वा नाहीं. आम्हांस येथें घराची दृष्टि अधिक बरोबर वाटते. टाकाचें इतिहासमूल्य त्याच्या घडणींत थोडें व त्याच्याविषयीं घरांत काय बोलतात त्यांत पुष्कळ आहे. तो कोण, कोठें पडला, त्याला कोणता नैवेद्य लागतो, त्याचा मान कोणत्या तक्षिमेकडे आहे, हें सांगणारें माणूस त्या घरांतच असतें. तोलावर विकला गेलेला टाक कांचेच्या कपाटांत सुंदर दिसेल. पण तो अमक्या गांवच्या अमक्याचा आजा होता हें त्या कपाटाला कधींच कळावयाचें नाहीं.

हीच गोष्ट वीरगळांची, म्हणून त्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. खालच्या चौकटींत लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर अप्सरा त्यास नेत आहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे, माथ्यावर चंद्रसूर्य. सतीशिळेवर कोपरांत वांकविलेला, बांगड्या भरलेला हात. कर्नाटकांतील वीरगळांवर लेख पुष्कळ आढळतात, महाराष्ट्रांतील बहुतेक मुके. बोरिवलीजवळील एकसर येथील शिळांवर नौकांचीं युद्धें कोरलीं आहेत. त्या शिलाहारकालीन समजल्या जातात, पण पडलेल्यांचीं नांवें त्या आपणांस सांगत नाहींत. या विषयावर सेट्टर व सोन्थायमर यांनीं १९८२ सालीं संपादित केलेला ग्रंथ अभ्यासकांस ठाऊक आहेच. गांवकरी अशा शिळेस शेंदूर फांसून म्हसोबा किंवा भैरोबा म्हणूं लागले म्हणजे विद्वान् हळहळतात. आम्ही तितके हळहळत नाहीं. शेंदरामुळें कोरीव काम बुजतें हें खरें. पण ज्या शिळेला शेंदूर नाहीं ती पायरीला किंवा ओट्याला जाते हेंहि तितकेंच खरें. विचारण्यासारखा प्रश्न असा कीं, त्या म्हसोबाला वर्षांतून एकदां नारळ फोडण्याचा पहिला मान कोणत्या घराचा? कित्येकदां वंश तेथून सांपडण्याचा संभव असतो.

नांवांचा खरा सांठा क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, पंढरपूर आणि त्यापुढें काशी, प्रयाग, गया या क्षेत्रीं अस्थि टाकण्यास, श्राद्धास किंवा पर्वणीस जाणाऱ्या यजमानानें आपल्या उपाध्यायाच्या वहींत गांव, बाप, आजा, भाऊ, चुलते व मुलगे यांचीं नांवें लिहून द्यावीं, अशी वहिवाट शेंकडों वर्षें चालत आली आहे. उपाध्याय गांवावरून, परगण्यावरून किंवा जातीवरून ठरलेला असे. लिहितां येणारा यजमान स्वहस्तें लिही, इतरांचें उपाध्याय लिहून घेई. लढाईच्या धामधुमींत किंवा दुष्काळांत गांव उठून गेलेलीं घराणीं मूळ गांवाचें नांव अशाच वहीवरून पुन्हां ओळखतात. वह्यांचें मोल दोन कारणांनीं आहे. त्या यजमानाच्या कज्जांत पक्षकार नसतात, आणि स्वहस्ताचा लेख हा अक्षर ताडून पाहण्यास नमुना होतो. दोष असा कीं, जीर्ण झालेली वही नवीवर उतरून घेतांना मोडीची चुकीची वाचणी तशीच पुढें जाते. आणि उपाध्यायांच्या भाऊबंदांत वांटणी झाली म्हणजे वह्याहि वांटल्या जातात, व एका गांवाच्या मागच्यापुढच्या पिढ्या दोन घरीं जाऊन पडतात. हरिद्वारादि उत्तरेकडील क्षेत्रांच्या वह्यांचे सूक्ष्मपट अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळीसंस्थेनें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत घेतले. सातां समुद्रांपलीकडील लोकांना ज्यांचें मोल कळलें, त्यांची साधी यादीहि आपण गोदातीरीं केली नाहीं, ही गोष्ट शोभणारी नव्हे.

यात्रेला न जाणाऱ्यांच्या दारीं वही चालत येई. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या बाजूंस हेळवी लोक बैलावर बसून सुगीनंतर गांवोगांव फिरत, कुळाची वंशावळ म्हणून दाखवीत, नवीं जन्मलेलीं मुलें तींत घालीत व धान्य घेऊन जात. हेळव हा कानडी शब्द पांगळ्याचा वाचक आहे, आणि बैलावर बसण्याचें कारण त्यांच्या दंतकथेंत तेंच सांगतात. बिदागी देणाऱ्याचें कुळ थोर करून सांगण्याकडे अशा पाठकांचा कल असतो. तरीपण मूळ गांव, देवक, कुलस्वामी व शाखा फुटण्याचें ठिकाण यांबाबत त्यांचें म्हणणें टाकून देऊं नये.

वतनाचे कागद वरील सर्वांहून नेमके, पण सर्वांहून स्वार्थीहि. वडीलपण कोणाचें, होळीची पोळी प्रथम कोणाची, पोळ्यास बैल कोणाचा पुढें, शिरपाव कोणीं घ्यावा, हे तंटे गोतसभेंत आले म्हणून वंशावळी लिहिल्या गेल्या. ज्या शाखेचा तंटा नाहीं तिची नोंद नाहीं. शिवाय, पाटीलकीचा अर्धा वांटा विकत घेणाऱ्यास भाऊपणा देण्याची पद्धत होती. असा विकत झालेला भाऊ दोनतीन पिढ्यांनीं सख्ख्या भावासारखा वंशवृक्षांत दिसूं लागतो. येथें तिथि उपयोगी पडते. भाऊपणानें मान मिळतो, पण सुतक एक होत नाहीं व म्हाळांत पितर एक होत नाहींत. दोन तक्षिमांस परस्परांचें सुतक आहे काय, हा एक प्रश्न विचारल्यानें कित्येक कृत्रिम वंशवृक्ष उघडे पडतील.

वतनें गेलीं, तशी वंशावळ राखण्याची गरजहि गेली. मुंबई राज्यांत १९५० च्या कायद्यानें परगणे व कुळकर्णी वतनें, १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ ग्रामवतनें आणि पुढें महाराष्ट्रांत १९६२ च्या कायद्यानें पाटीलकी संपुष्टांत आली. कायदा योग्यच होता. परंतु त्यानंतर रुमाल सोडून पाहण्याचें कारण घरांस उरलें नाहीं. तें कारण २०२३ सालीं पुन्हां उत्पन्न झालें. कुणबी नोंदी शोधण्यासाठीं शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली, आणि मोडी वाचणाऱ्यांस एकाएकीं मागणी आली. त्या शोधांत गांवच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचीं जुनीं पुस्तकें, ज्यांस कोतवाल बुकें म्हणतात, तीं लोकांच्या तोंडीं झालीं. लोकांनीं त्यांत जातीचा रकाना तेवढा पाहिला. आमच्या दृष्टीनें त्यांचें मोल निराळें आहे. तारीख, नांव व मरणाचें कारण देणारें, आणि पाटलापासून मजुरापर्यंत सर्वांस एकाच ओळींत बसविणारें दुसरें पुस्तक गांवांत नव्हतें.

कारण वतनाच्या बाहेर, किंवा वतनाच्या तळाशीं, असलेल्यांच्या मृतांची कथा फार निराळी आहे. मयताचा सांगावा परगांवच्या सोयऱ्यांस पोंचविणें हें महाराचें काम होतें. कोणत्या घराचे सोयरे कोठें, लेकी कोठें दिल्या, हें सर्व त्याच्या तोंडीं. शिवेच्या तंट्यांत त्याची साक्ष प्रमाण. जो साऱ्या गांवाचे मृत जाणत होता त्याच्या स्वतःच्या मृतांस महजरांत स्थान नव्हतें. म्हणून कोरेगांव भीमा येथील स्तंभाचें महत्त्व निव्वळ लष्करी नाहीं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्यांचीं नांवें त्यावर कोरिलीं, त्यांत बावीस नाक-प्रत्ययान्त आहेत. ज्या लोकांच्या पूर्वजांचीं नांवें दगडावर येणें जवळजवळ अशक्य होतें, त्यांस तीं तेथें वाचावयास मिळालीं. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजीं तेथें गेले, आणि तेथील स्मरणदिन आजहि तिथीनें नव्हे, तारखेनें पाळला जातो. याच्या उलट पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें गांवोगांव बसविलेले संगमरवरी फलक पाहा. सातारा जिल्ह्यांतील अपशिंग्यासारख्या गांवांतून किती गेले व किती कामास आले, हा आंकडा त्यांवर मिळतो. नांवें मिळत नाहींत. तीं घरोघर शोधावीं लागतील, आणि प्रेत परत न आल्यामुळें कित्येकांच्या तिथि अमावास्येवर गेल्या असण्याचा संभव आहे. मेळघाटांतील कोरकूंत मृतासाठीं सागवानी फळी कोरून उभी करितात. तीवर चंद्रसूर्य व घोडेस्वार असतो, वीरगळाचीच जणूं लांकडी भावंड. पावसांत ती कांहीं वर्षांत कुजते. तिचें चित्र घेणारे पुष्कळ आहेत, पण ती कोणाची हें लिहून घेणारे थोडे.

तेव्हां कागद, टाक किंवा शिळेचें चित्र हातीं येईल तेव्हां त्याबरोबर एक लहान टिपण करावें, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे. वस्तु ज्या घरची त्या घराच्या श्राद्धतिथि, त्या कोणाच्या, महालयाच्या कीं वर्षाच्या. सुतक कोणकोणत्या तक्षिमांस. क्षेत्रोपाध्याय कोण व वही कोठें. आणि हें सांगणाऱ्याचें नातें. वस्तु घरांतून हलविण्यापूर्वींच हें विचारावें, व शक्य तर वस्तु हलवूंच नये, टिपण व चित्र तेवढें आणावें. आरंभ करावयाचा तर नाशिक व त्र्यंबक येथून करावा. कोणत्या परगण्याची वही आज कोणत्या उपाध्यायाच्या घरीं, वांटणींत कोणती पानें कोठें गेलीं, एवढी यादी झाली तरी त्या परगण्यांतील एकेक गांव घेऊन वहींतील नांवें, देव्हाऱ्यांतील वीर व कोतवाल बुकांतील मृत्यु यांची जुळणी करतां येईल. वही दाखविणें न दाखविणें हा अर्थात् उपाध्यायांचा हक्क आहे. आणि यजमानानें आपल्या गांवचें नांव सांगून मागितल्यावर ती उघडण्याची त्यांची जुनी रीत असल्यामुळें, या कामीं संशोधकानें त्या गांवचा एखादा वडील माणूस बरोबर घेऊन जाणें हेंच सोईचें होईल.